नळाच्या पाइपची सुरेल बासरी : मापं, भोकं आणि सूर जुळवणं

वेळूचं_बन

पाइपची बासरी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जत्रेतली पिपाणी येते. माझं मत अगदी वेगळं आहे. नळाच्या साध्या पाइपची बासरी तानपुऱ्याबरोबर वाजवता येईल इतकी सुरात करता येते. आणि ती स्वतः केली की सूर कशानं चढतो, कशानं उतरतो हे हातालाच कळतं. आमच्या वाचनालयात सुटीत मुलं येतात. त्यांच्याकडच्या स्वस्तातल्या बासऱ्या बऱ्याचदा बेसूर असतात आणि मूल बिचारं स्वतःलाच दोष देत बसतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

पाइप कुठला घ्यायचा? पाऊण इंची सीपीव्हीसी. बाथरूममध्ये गरम पाण्यासाठी टाकतात तो फिकट पिवळसर. बाहेरून साधारण २२ मिमी, आतून १८ मिमी, भिंत २ मिमी. अर्ध्या मीटरचा तुकडा पुरतो, प्लंबरकडे उरलेला असतोच. पाइप ओठाला लागणार आहे, तेव्हा पिण्याच्या पाण्यासाठीचा नवाच घ्या. जुन्या पीव्हीसीत शिशाचे क्षार घातलेले असत, त्यावर बंधन आणणारे केंद्राचे नियम २०२१ मध्ये आले. अडगळीतला जुना करडा पाइप त्यासाठी नको.

आता सूर. आपण ‘पांढरी एक’ची, म्हणजे पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीच्या सुराची बासरी करू; वरची तीन भोकं बंद केली की पांढरी एकचा सा. सहाही बंद केली की त्याखालचा मंद्र पंचम, म्हणजे पांढरी पाच, ३९२ हर्ट्‌झ. खालून एकेक बोट उचलत गेलं की प ध नी सा रे ग आणि सगळी उघडी ठेवली की तीव्र म. शुद्ध म साठी सगळ्यात वरचं भोक अर्धं झाकायचं. बांबूच्या बासरीची हीच पद्धत, त्यामुळे पुढे खरी बासरी हाती आली तरी बोटं बदलावी लागत नाहीत.

लांबीचं गणित सोपं आहे. दोन्ही बाजूंनी उघड्या नळीत आवाजाची अर्धी लाट मावते. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर धरला तर ३९२ हर्ट्‌झसाठी ४४ सेंमी येतात. प्रत्यक्षात नळी थोडी आखूड लागते, कारण लाट उघड्या टोकाच्या जराशी बाहेरपर्यंत जाते आणि फुंकायचं भोक पाइपपेक्षा अरुंद असतं. हे दोन्ही वजा केलं की फुंकायच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या टोकापर्यंत सुमारे ४०० मिमी उरतात. पाइप मात्र या मध्यापासून ४१० ठेवूनच कापा (त्याच्या डावीकडे आणखी ६ सेंमी लागतात), कापलेला पाइप परत वाढत नाही.

पहिलं काम फुंकायच्या भोकाचं, आणि बासरीचा आवाज बराचसा तिथेच ठरतो. डाव्या टोकापासून ६ सेंमीवर खूण करा. आधी ३ मिमीचं ड्रिल, मग ६, मग ८. तिथून पुढे गोल कानशीनं हळूहळू १० मिमीपर्यंत न्या. आकार किंचित लंबगोल, पाइपच्या लांबीच्या दिशेनं अर्धा-एक मिमी जास्त. वाजवताना ओठ ज्या कडेवर टेकतो ती कड पॉलिश पेपरनं मऊ करा. समोरची कड, जिच्यावर फुंकर आपटून फाटते, ती मात्र गोल करू नका. ती तीक्ष्णच राहिली पाहिजे. तिथे प्लास्टिकचा जरासा तंतू लोंबत राहिला तरी आवाज फुसफुसतो. भोक तिरपं धरून उजेडात बघा, कडेची रेघ एकसंध दिसली पाहिजे.

डाव्या टोकातून रबरी बूच आत सरकवा. बूच आणि फुंकायच्या भोकाचा मध्य यांत साधारण पाइपच्या आतल्या व्यासाइतकं, म्हणजे १८ मिमी अंतर ठेवा. बूच घट्ट हवं, हवा गळत असेल तर कडेनं मेण भरा.

आता एकही बोटाचं भोक न पाडता वाजवा. पाच-दहा मिनिटं फुंकून नळी आतून कोमट होऊ द्या. मोबाइलवर ट्यूनर (सूर मोजणारं अ‍ॅप) लावा आणि खालचं टोक दोन-दोन मिमी घासत ३९२ वर आणा. नंतर फुंकायच्या भोकाच्या मध्यापासून टोकापर्यंतचं अंतर मोजा. कुणाचं ३९६ येईल, कुणाचं ४०४. ओठ भोकावर किती येतो, फुंकर किती जोरात जाते, हे प्रत्येकाचं वेगळं. ४०० पेक्षा जितका फरक पडला तितकीच पुढची सगळी मापं सरकवायची. ३९६ आलं तर प्रत्येक मापातून ४ वजा. नेटवरची मापं जशीच्या तशी घेतल्यावर बासरी बेसूर होते, त्याचं मुख्य कारण ही पायरी गाळलेली असते.

४०० ला धरून बोटांच्या भोकांची मापं, फुंकायच्या भोकाच्या मध्यापासून, वरून खाली : १७५, २०४, २३४, २७२, २९१, ३३१ मिमी. शेवटचे व्यास त्याच क्रमानं साधारण ८, ८.५, ८, ७, ९, ८ मिमी. पण सुरुवात सगळीकडे ५ किंवा ६ नं करा. भोक मोठं केलं की सूर चढतो. चढलेला सूर उतरवणं अवघड, म्हणून आधी भोक लहानच पाडा.

क्रम खालून वर. आधी ३३१ वालं भोक, त्यातून धैवत जुळवा, मग २९१ चा निषाद, आणि असं वर. कारण वरच्या प्रत्येक भोकाचा सूर त्याच्या खाली उघडी असलेल्या भोकांवर अवलंबून असतो. वरून सुरुवात केलीत तर खालचं भोक पाडताच वरचं जुळवलेलं बदलतं.

एक महत्त्वाचं. बांबूच्या बासरीला तापवलेल्या सळईनं भोकं पाडतात, ते पाहून कुणी पाइपला सळई लावू नका. पीव्हीसी आणि सीपीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, तो घसा आणि फुफ्फुसं जाळतो. ड्रिल आणि कानस एवढंच वापरायचं. घासताना तोंडाला रुमाल बांधा, भुकटी धुऊन टाका.

---

काळी_दोन

फार उपयुक्त धागा. वाचनखूण साठवली.

एक शंका. ट्यूनरवर काटा बरोबर मध्ये आला तरी तानपुऱ्याबरोबर गंधार टोचतो, असा अनुभव आहे. पेटीवाल्यांनाही हा प्रश्न येतो. बासरी करताना कुणाचं ऐकायचं, ट्यूनरचं की कानाचं?

---

वेळूचं_बन

कानाचंच. ट्यूनर सप्तकाचे बारा सारखे भाग करतो. तानपुऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो या समान भागांतल्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरलेला असतो, आणि शुद्ध निषाद सुमारे १२ सेंट उतरलेला. १०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर. हा फरक सहज ऐकू येतो, विशेषतः सूर लांबवला की.

म्हणून मी असं करतो : ट्यूनरवर काटा मध्याच्या थोडा अलीकडे आला की कानस थांबवतो. मग मोबाइलवर पांढरी एकचा तानपुरा लावून ग आणि नी लांब लावून ऐकतो. लाटा उठत असतील, म्हणजे आवाज थरथरत असेल, तर अजून एक-दोन घासे. लाटा मंद होत होत थांबल्या की हात थांबवायचा. शेवटच्या टप्प्यात कानशीपेक्षा पेन्सिलीला गुंडाळलेला पॉलिश पेपर बरा.

---

माणगा_रानातला

आमच्या सिंधुदुर्गात घरामागेच बांबू आहे, मग प्लास्टिक कशाला असं वाटलं होतं. पण आमचा माणगा जवळजवळ भरीव. फर्निचरला, काठीला उत्तम, बासरीला नाही. आत पोकळीच नसेल तर वाजणार काय! बासरीला पातळ भिंतीचा आणि पेरं लांब असलेला बांबू लागतो, तो आसामकडून येतो. उत्तर प्रदेशातलं पिलीभीत बासऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे, तिथेही बांबू आसामचाच.

तेव्हा गावात बसून बासरी करायची तर पाइपच सोयीचा. दुकानात सीपीव्हीसी नसेल तर वायरिंगचा कंड्युट चालेल का? तो इथे सगळीकडे मिळतो.

---

वेळूचं_बन

माणग्याबद्दल अगदी बरोबर. विदर्भातला मानवेलही असाच भरीव.

कंड्युट वाजतो. २५ मिमीचा आतून जास्त रुंद असतो, २० मिमीचा वरच्या मापांच्या जवळ जातो. पण तो वायर घालण्यासाठी केलेला, तोंडाला लावण्यासाठी नाही. प्रयोग म्हणून एखादा करा, मुलांच्या हातात मात्र पिण्याच्या पाण्याचाच पाइप द्या. आतला व्यास बदलला की भोकांची मापं थोडी हलतात. नळी रुंद असेल तर त्याच व्यासाचं भोक सूर कमी चढवतं, म्हणजे भोक किंचित वर सरकवावं लागतं किंवा मोठं करावं लागतं. फ्लुटोमॅट नावाचा गणित करून देणारा प्रोग्राम नेटवर आहे, त्यात आतला व्यास आणि भिंतीची जाडी भरली की सुरुवातीची मापं मिळतात.

---

सारंगी_सांजवेळ

मी गेली काही वर्षं बासरी शिकते आहे, म्हणून थोडा वेगळा सूर लावते. पाइपवर स्वर लागतात हे मान्य. पण बांबूवर बोट सरकवून जी मींड येते, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाता येतं, ती या गुळगुळीत पाइपवर तशी येत नाही. घाम आला की बोट घसरतं. मंद्रातला आवाजही पातळ वाटतो. मुलांना सुरुवातीपासून याची सवय लागली तर पुढे त्रास होणार नाही का?

पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी लांब बासरी मैफलीत आणली, ती खर्जासाठी आणि आलापीसाठी. तो भारदस्तपणा पाइपला कुठून आणायचा?

---

वेळूचं_बन

ताई, तुमचं पहिलं म्हणणं रास्त आहे. बोटांच्या जागी बारीक पॉलिश पेपरनं, ४०० नंबरच्या, पाइप हलका खरखरीत करून घ्या. चकाकी गेली की बोट घसरत नाही आणि मींडही बऱ्यापैकी सावकाश घेता येते. भोकांच्या बाहेरच्या कडाही जरा मऊ करायच्या, म्हणजे बोटाची गादी नीट बसते.

आवाज पातळ येण्याचं कारण मला प्लास्टिकपेक्षा भिंतीच्या जाडीत दिसतं. फुंकायच्या भोकाशी भिंत फक्त २ मिमी आहे, फुंकर कडेवर पडायच्या आत दिशा धरत नाही. उपाय आहे. एक इंची सीपीव्हीसी आतून साधारण २३ मिमी असतो, आपला पाइप बाहेरून २२. मोठ्या पाइपचा ४ सेंमी लांब तुकडा उभा कापून त्याची अर्धी वक्र पट्टी घ्या, सॉल्व्हेंट सिमेंटनं फुंकायच्या जागी चिकटवा, पूर्ण सुकू द्या आणि मग दोन्ही थरांतून भोक पाडा. तिथली जाडी साडेचार मिमीच्या आसपास जाते. आवाज भरीव होतो, ओठालाही टेकायला जागा मिळते. फक्त यानं सूर उतरतो. माझ्या हिशेबानं नळी ८-९ मिमी आखूड करावी लागते. म्हणूनच वर म्हटलं, भोकं पाडण्याआधी खालचं टोक घासून पंचम जुळवा, आणि जेवढा फरक येईल तेवढं प्रत्येक भोक वर घ्या. पट्टी लावली तरी नियम तोच.

सवयीबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. हातातलं वाद्य बेसूर असण्यापेक्षा प्लास्टिकचं पण सुरात असलेलं बरं. कान आधी घडतो. मींड नंतर शिकता येते, बिघडलेला कान सुधारायला फार वेळ लागतो.

---

सारंगी_सांजवेळ

कानाचं पटलं. पट्टीचा उपाय करून बघते. आमच्या सरांच्या क्लासमध्ये नवीन मुलांसाठी सुचवते, पण सहा महिन्यांनी बांबूची घ्या असं सोबत सांगेन :)

सातव्या भोकाबद्दलही लिहा ना. पन्नालालजींनी मंद्र तीव्र मध्यमासाठी सातवं भोक आणलं, ते पाइपवर पाडता येईल?

---

वेळूचं_बन

पाडता येईल, पण पांढरी एकच्या आखूड बासरीला त्याची फारशी गरज पडत नाही. ते टोकाजवळचं भोक आहे, लांब बासरीला जास्त उपयोगी. इथे सहा पुरेत.

---

वऱ्हाडी_उन्हाळा

नागपूरकर. धाग्याबरहुकूम मे महिन्यात केली. दुपारी सा बरोबर लागला होता, आता थंडीत वाजवतोय तर ट्यूनर उतरलेला दाखवतोय. पाइप आकसला का? नवीन भोकं पाडायची का?

---

वेळूचं_बन

नका पाडू! पाइप तसाच आहे, हवा थंड झाली आहे. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो. दहा अंशांनी तापमान बदललं तर सूर सुमारे ३० सेंट हलतो. तुमच्याकडे मेच्या दुपारी ४४ अंश आणि डिसेंबरच्या पहाटे १२, फरक पडणारच. फुंकरीनं आतली हवा कोमट राहते म्हणून तो पूर्ण दिसत नाही, एवढंच. बांबूच्या बासरीलाही हेच होतं.

वाजवण्याआधी भोकं बंद करून नळीत सावकाश गरम श्वास सोडा, चार-पाच मिनिटांत बरीच वर येईल. आणि कुणी नव्यानं करणार असेल तर २५-२८ अंशांच्या खोलीत, सकाळी किंवा संध्याकाळी सूर जुळवा. उन्हात ठेवलेल्या पाइपवर जुळवू नका.

---

चिमणी_शाळा

मी प्राथमिक शिक्षिका आहे. चौथीच्या मुलांना घेऊन करायचा विचार आहे. मुलांची बोटं ३३१ आणि २९१ मधल्या ४ सेंमीपर्यंत पोचतील का? आणि ड्रिल मुलांच्या हातात द्यायला भीती वाटते.

---

वेळूचं_बन

बाई, चौथीला ही बासरी मोठी होईल. त्यांच्यासाठी अर्धा इंची सीपीव्हीसी घ्या आणि वरची सगळी मापं पाऊणपट करा. म्हणजे टोक ३०० वर, भोकं १३१, १५३, १७५, २०४, २१८, २४८ वर. सा ‘पांढरी चार’चा येईल, बालगीतांना छान. भोकं सुरुवातीला ४ मिमीचीच पाडा, कारण ही नळी मापाच्या मानानं अरुंद आहे आणि सूर पटकन चढतो. सगळ्यात खालचं भोक सरळ रेषेत न ठेवता करंगळीकडे थोडं वळवलं तर छोटा हात आरामात पोचतो. आवाज त्यानं बदलत नाही.

ड्रिल मोठ्यांनीच चालवायचं. भोकं तुम्ही ४ मिमीपर्यंत पाडून द्या, तिथून पुढे पॉलिश पेपरनं घासून सूर चढवायचं काम मुलांचं. खरी मजा तिथेच आहे. मूल चार घासे मारतं, वाजवतं, परत घासतं, आणि एका क्षणी आपण पेटीवर धरलेल्या स्वराशी त्याचा स्वर मिळतो.

याआधी एक तास सरबताच्या स्ट्रॉवर घ्या. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत मुलांचं विज्ञान केंद्र चालवलेल्या अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून जी खेळणी लोकांपर्यंत पोचवली त्यांत स्ट्रॉची पिपाणीही आहे. स्ट्रॉचं टोक चपटं करून दोन्ही बाजूंनी तिरकं कापायचं, तोंडात धरून फुंकायचं, आणि वाजत असतानाच कात्रीनं दुसरं टोक कापत जायचं. सूर वर वर चढत जातो. लांबी आणि सूर यांचं नातं मुलांना फळ्यावर काही न लिहिता कळतं.

---

काळी_दोन

रविवारी बसून केली. मध्य सप्तक तानपुऱ्याला छान मिळालं. तार सप्तकात मात्र रे ग थोडे उतरलेले लागतात. जोरात फुंकलं की येतात पण आवाज कर्कश होतो.

---

वेळूचं_बन

अभिनंदन! आता भोकांना हात लावू नका, बूच हलवा. फुंकायच्या भोकाकडे एक-दोन मिमी सरकवलं की तार सप्तक मध्य सप्तकाच्या तुलनेत वर येतं. एका वेळी एकच मिमी, आणि प्रत्येक वेळी सा वाजवून त्याचा वरचा सा तपासा. मध्य सप्तकही थोडं चढेल, ते ओठ किंचित जास्त झाकून सांभाळता येतं. दोन्ही सा जुळले की बुचाच्या जागी बाहेरून खूण करून ठेवा.

---

माणगा_रानातला

एक राहिलं. हार्डवेअरच्या दुकानात एकाने सांगितलं की पाइप उकळत्या पाण्यात धरून फुंकायच्या जागी चपटा कर, ओठाला बरा बसतो. करू का?

---

वेळूचं_बन

नको. चपटा केला की तिथला आतला आकार बदलतो आणि सप्तकं एकमेकांशी जुळत नाहीत. ओठाला बरं बसायला वरची चिकटवलेली पट्टीच घ्या. धुवायलाही साधं पाणी आणि थोडा साबण पुरे, मग बारीक काठीला कापड गुंडाळून आतून पुसा. बूच काढायचं असेल तर खालच्या टोकाकडून काठीनं ढकला, आणि परत बसवताना आधी केलेल्या खुणेवर आणा.